वाढवता येणारं घर

‘घर लहान आहे, पण वाढवता येते.’ गोंदियात ज्यानं ज्यानं घर शोधलं असेल, त्यानं हे वाक्य ऐकलेलं असणारच. आम्ही या वाक्याचे पावणेदोन लाख रुपये मोजले. अगदी हिशेबानं सांगते. मागच्या गल्लीतलं तेवढंच घर पावणेदोन लाखांनी स्वस्त होतं आणि फरक कशाचा ते दलालानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं : "त्याच्यावर माळा चढत नाही ताई, याच्यावर चढते."

१९९९ साली भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. तेव्हापासून कुडवा, फुलचूर, कटंगी ही लागूनची गावं शहरात कधी मिसळली ते कळलंही नाही. कालपर्यंत जिथं धानाच्या बांध्या होत्या, तिथं आज ले-आउटचे दगड रोवलेले दिसतात. आमचं घर अशाच एका ग्रामपंचायतीतलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथंच राहायचं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओटा, मागं थोडी सांदवाडी, वर सपाट स्लॅब. आणि स्लॅबच्या चारही कोपऱ्यांवर हातभर वर आलेल्या सळ्या.

नंतर आम्हाला शहाणपण शिकवायला बरेच जण आले. त्यांच्यासाठी लिहून ठेवते. कागद आम्ही पाहिले होते. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढला होता. सातबारा, फेरफार, अकृषक आदेश, मंजूर ले-आउटची प्रत, सगळं होतं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंद, तो मालकीचा पुरावा नव्हे, हेही मला ठाऊक होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं काढली, कागद वाचता येतो मला. कागद स्वच्छ होते आणि आजही आहेत.

घरमालक निवृत्त गृहस्थ. बोलणं मऊ, प्रत्येक वाक्याला ‘बेटा’. पहिल्याच भेटीत चहा झाला आणि ते आम्हाला स्वतः वर घेऊन गेले. प्रत्येक कोपऱ्यावर चार-चार सळ्या, गंजू नयेत म्हणून सिमेंटचं पाणी फासलेलं, टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या. त्यांनी एका सळीवर किल्लीनं टकटक केलं आणि म्हणाले, "बारा एमएमची आहे. पैसे जमले की दोन खोल्या टाकून घ्या." आम्हाला तेच हवं होतं. सासूबाई देवरीहून कायमच्या येणार होत्या, मुलगी बारावीत जाणार होती, तिला दार लावून बसता येईल अशी खोली पाहिजे होती. हे सगळं मी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना सांगितलं होतं. ऐकून त्यांनी मान डोलावली होती.

बँकेच्या कर्जाचं म्हटलं तर दलाल हसला. "काहून बँकेच्या भानगडीत पडून राहिल्या? ते मॅप मागतील, इंजिनिअर पाठवतील, दोन महिने जातील. तुमच्या पतसंस्थेतून घ्या, आठ दिवसांत रजिस्ट्री." घर माझ्या नावावर घेतलं तर बाई म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, हे त्यानंच सांगितलं. ती सूट खरी आहे, जरूर घ्या. बँकेचा इंजिनिअर त्याला का नको होता, हे मात्र मला फार उशिरा उमगलं.

दिवाळीनंतर वरचं काम काढायचं ठरलं. ह्यांच्या ओळखीचे एक सिव्हिल इंजिनिअर आले. स्लॅबवर गेले, सळ्यांशी उकिडवे बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "खाली या कोपऱ्यात कोणती खोली आहे?" निजायची, मी म्हणाले. ते खाली आले आणि मिस्त्रीला बरोबर सळ्यांच्या खालचा कोपरा फोडायला लावला. छन्नीच्या चार घावांत प्लास्टर सुटलं. आत वीट. एक हात खाली फोडलं, तिथंही वीट. जमिनीजवळ फोडलं तरी वीटच, लाल भुगा गादीवर पडत होता आणि मला ती उचलायचंही भान राहिलं नाही. कॉलम नव्हताच. मग त्यांनी वर जाऊन एका सळीच्या बुडाशी स्लॅब जरा उकरायला लावला. सळी स्लॅबच्या जाडीतच काटकोनात वाकवलेली होती. ना रिंगा, ना खाली उतरलेलं लोखंड. सोळाच्या सोळा सळ्या नुसत्या रोवून ठेवलेल्या.

मी स्लॅबवरच बसले. दुःख नंतर झालं, आधी आठवलं ते किल्लीचं टकटक.

बाहेरच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तेव्हा उरलंसुरलंही कळलं. पाया जेमतेम अडीच फूट, तोही भरावाच्या मुरमावर. त्याखाली कन्हार. धानाला कन्हारासारखी जमीन नाही, पण घराला तिच्यासारखी वैरी नाही : पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इंजिनिअर म्हणाले, आहे तो एकच मजला पेलणारं घर आहे, तेवढं नीट सांभाळा. वर बांधायचंच असेल तर बाहेरून नवे कॉलम, कन्हार ओलांडून खाली कठीण थरापर्यंत नेलेलं त्यांचं स्वतंत्र फाउंडेशन. त्या खर्चाचा आकडा ऐकून ह्यांनी विषयच बंद केला.

मी त्याच संध्याकाळी मालकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, मी कुठं म्हटलं की कॉलम आहेत? सळ्या होत्या, तुम्ही पाहिल्या." वाक्य खरं होतं, म्हणून तर इतकं झोंबलं. दलालाचं उत्तर त्याहून छोटं : "ताई, आता तर रजिस्ट्री झाली." पुढं एका लग्नात हाच माणूस पंगतीत मला आग्रह करकरून जिलेबी वाढत होता. लोकांना वाटलं, किती प्रेमाचा माणूस!

वकिलाला विचारलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याचं कलम ५५. ज्या गंभीर दोषाची विकणाऱ्याला माहिती आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं तो दिसू शकत नाही, तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे बाजू आमची. पण विक्रीपत्रात छापील वाक्य असतं : मालमत्ता प्रत्यक्ष पाहून, आहे त्या स्थितीत घेतली. दिवाणी कोर्टात किती वर्षं जातील, असं मी विचारलं तर वकील चष्मा पुसू लागले. महारेराकडेही दाद नाही. ते बिल्डरांसाठी आहे, खाजगी माणसानं विकलेल्या जुन्या घरासाठी नाही.

सांदवाडीचं थोडक्यात सांगते. तारेचं कुंपण, पेरूचं झाड, सगळं विकत घेतलं असं आम्ही धरून होतो. भूमी अभिलेखची मोजणी केली तर कुंपणाच्या आतली सहा फूट पट्टी ले-आउटच्या खुल्या जागेतली निघाली. खोली तिकडंही सरकवता येत नाही.

तर आता, घर घेऊन वाढवू म्हणणाऱ्यांनो, घराची किंमत जे उभं आहे तेवढ्याचीच ठरवा. वाढीव बांधकामाच्या नुसत्या शक्यतेला एक रुपयाही देऊ नका, ती शक्यता विकणाऱ्याच्या मालकीची नसते. इसार देण्याआधी स्वतःचा इंजिनिअर न्या, दलालानं सुचवलेला नको. कॉलम आहेत म्हणतात तिथं एका कोपऱ्याचं प्लास्टर फोडायला आणि बाहेरून एक खड्डा घ्यायला परवानगी मागा. सळी शोधायचं यंत्रही अनेकांकडे असतं, भिंत न फोडता कळतं. खड्ड्याला मालकानं नाही म्हटलं, तर तेच तुमचं उत्तर समजा. बँकेचं कर्ज नको असलं तरी अर्ज टाका. बँकेचा माणूस येऊन जे पाहतो, त्याची फी आपल्या नुकसानीपुढं काहीच नाही.

मोजणी रजिस्ट्रीच्या आधी करून घ्या, अर्ज मालकाकडून करवून घ्या, मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात घ्या आणि नकाशावरच्या हद्दी स्वतः चालून पाहा. वरचा मजला म्हणजे नवीन परवानगी, जुनी चालत नाही. डिसेंबर २०२० पासूनच्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना ती मिळवणं सोपं केलं आहे, तरी मालकीचे कागद आणि नकाशा लागतोच. घर एकदा तरी भर पावसात पाहा, श्रावणात पाहा. आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बांधीवरचं घर उन्हाळ्यात सगळ्यांनाच चांगलं दिसतं. घाई करू नका, घरच्यांशी बोला, वगैरे तर आहेच. आणि ‘बेटा’ म्हणणाऱ्याशी बोलताना पर्स घट्ट धरा.

शेवटचं, आणि हे कुणी सांगत नाही. इसारपत्रात एक ओळ घालायला लावा : ‘सदर इमारत वरील एका मजल्याचा भार पेलण्याजोगी आरसीसी कॉलमची असल्याचे विक्रेता जाहीर करतो.’ तीच ओळ विक्रीपत्रातही आली पाहिजे, आणि ‘आहे त्या स्थितीत’ हे वाक्य खोडलं गेलं पाहिजे. ओळ लिहायला मालक तयार नसेल, तर वरच्या मजल्याचे म्हणून मागितलेले पैसे तिथंच वजा करून बोला. त्यालाही तो तयार नसेल, तर उठून या.