‘क्लाउडवर आहे की!’ : घरच्या संगणकाचा बॅकअप निवडताना



दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला बाबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. दोह्याला परतल्यावर त्या दिवसाचे सगळे फोटो मी लॅपटॉपवर उतरवले. ते आपोआप क्लाउडवरही चढले. पुढे डिस्क भरत आली, तेव्हा ‘क्लाउडवर आहेत की’ म्हणत मी लॅपटॉपवरचा फोल्डर उडवला. चार महिन्यांनी बाबा गेले. फोटो शोधायला बसलो, तर क्लाउडवरही काही नाही. इथे पुसलेलं तिथेही पुसलं गेलं होतं आणि कचरापेटीची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती. मावशीच्या व्हॉट्सॲपवर ३७ फोटो मिळाले, तेही आकार कमी झालेले.

यात सेवेची चूक नव्हती. सिंक आणि बॅकअप यांतला फरक मला कळला नव्हता. आज त्याबद्दलच.

सिंक हा आरसा, बॅकअप ही वही

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड या सेवांचं मूळ काम सिंकचं. एका यंत्रावरचा बदल त्या दुसरीकडे जशाच्या तसा उमटवतात. फाइल बिघडली तर बिघडलेली प्रत सगळीकडे जाते, पुसली तर सगळीकडून जाते. आरशासमोरून माणूस हलला की प्रतिबिंबही गेलं.

बॅकअप सेवा वहीसारखी असते. काल काय होतं, महिन्यापूर्वी काय होतं, याच्या नोंदी ती ठेवते. बॅकब्लेझ, आयड्राइव्ह या त्या प्रकारातल्या. त्यांचा छोटा प्रोग्राम संगणकावर मागे चालू राहतो आणि बदललेल्या फाइली वर पाठवत राहतो. पण वहीची पानंही कायमची नसतात. म्हणून सेवा निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नको. विचारायचं ते असं: पुसलेली किंवा बदललेली फाइल किती दिवसांनंतरही परत मिळते? उत्तर ३० दिवस असेल, तर सुट्टीला भारतात जाऊन येईपर्यंतच ते संपतं.

रास लफानची आठवण

जुनी मंडळी इथे असतील तर त्यांना ऑगस्ट २०१२ आठवत असेल. १५ ऑगस्टला ‘शमून’ नावाच्या व्हायरसने सौदी अरामकोचे सुमारे ३०,००० संगणक पुसून टाकले. दोनच आठवड्यांत कतारच्या रासगॅसच्या कार्यालयीन संगणकांवर व्हायरसचा हल्ला झाला. वेबसाइट आणि ईमेल बंद पडले, पण वायूचं उत्पादन चालू राहिलं.

घरासाठी यातला धडा सोपा आहे. जे एकाच जाळ्याला कायम जोडलेलं आहे, ते एकदमच जाऊ शकतं. लॅपटॉपला सतत लावून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत लॅपटॉपबरोबरच सापडते. म्हणून ३-२-१ हा नियम: एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. क्लाउड म्हणजे ती घराबाहेरची प्रत. हार्ड डिस्क महिन्यातून एकदा जोडा, प्रत घ्या आणि काढून कपाटात ठेवा. उन्हाळ्यात गाडीत मात्र विसरू नका!

आधी गणित करा

समजा, तुमच्याकडे १ टेराबाइट माल आहे, म्हणजे ८ लाख कोटी बिट. अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल तर ८ लाख सेकंद लागतील, म्हणजे सव्वानऊ दिवस. वेग १०० मेगाबिट असेल तर साधारण २२ तास. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा डाउनलोडचा वेग, तेव्हा आपला अपलोड मोजून पाहा. पहिली खेप लांबते, पुढे फक्त बदल जातात. चित्रपट वगळा, फोटो, दाखले आणि मुलांचं काम आधी पाठवा.

किल्ली कुणाकडे?

काही सेवांमध्ये कुलपाची किल्ली फक्त तुमच्याकडे ठेवता येते. मग कंपनीलाही तुमच्या फाइली वाचता येत नाहीत. पण तो पासवर्ड हरवला तर कंपनीही काही करू शकत नाही. हा पर्याय घेतलात तर पासवर्ड कागदावर लिहून पासपोर्टांच्या पाकिटात ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला सांगा.

परतीच्या दिवसाचा विचार

तुलनेच्या तक्त्यांमध्ये हा मुद्दा सहसा नसतो, पण आपल्यासाठी तो सर्वांत मोठा आहे. इथलं आपलं सगळं आयडीला बांधलेलं: बँक खातं, कार्ड, सिम. नोकरी सुटली की काही आठवड्यांत हे एकेक करून बंद होतं. कार्ड बंद झालं की वर्गणी थांबते आणि मुदत संपल्यावर प्रती पुसल्या जातात. ओटीपी कतारच्या नंबरवर येत असेल, तर पुण्यात बसून स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. गूगल तर दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं बंद करू शकतं.

म्हणून आजच एवढं करा: खात्याला ऑथेंटिकेटर ॲप जोडा, रिकव्हरी कोड छापून ठेवा, घरच्यांपैकी कुणाचा भारतातला नंबर दुसरा म्हणून द्या, वर्गणी भारतातल्या कार्डावरून भरता येते का ते पाहा. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या खात्यात घरचं काही ठेवू नका. त्याचं दार शेवटच्या दिवशी बंद होतं.

प्रत कुठे असते?

मायक्रोसॉफ्टची कतारमधली डेटा सेंटरं २०२२ मध्ये सुरू झाली, गूगलची २०२३ मध्ये. पण ती सोय मुख्यतः कंपन्या आणि सरकारी खात्यांसाठी आहे. आणि जवळ म्हणजे सुरक्षित असंही नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. काही ग्राहकांचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते. दोन्ही गेले.

शेवटची परीक्षा

पैसे भरण्याआधी चाचणीच्या काळात एक फोल्डर वर पाठवा, त्यातली एक फाइल मुद्दाम पुसा आणि आठवड्याने दुसऱ्या संगणकावरून परत मागवा. आली आणि उघडली, तर सेवा कामाची. पुढेही दर काही महिन्यांनी एका शुक्रवारी, चहा होईपर्यंत, हीच चाचणी करा.

माझ्याकडचे ते ३७ फोटो आता तीन ठिकाणी आहेत. बाकीचे कुठेच नाहीत.