डोंगराची उंची कशी ओळखावी?

विद्यार्थी मित्रांनो, रेल्वे स्थानकावरची पिवळी पाटी तुम्ही पाहिली असेल. गावाच्या नावाखाली तिच्यावर बहुधा आणखी एक ओळ असते. ती कधी वाचली आहे का? समुद्रसपाटीपासून त्या स्थानकाची उंची तेथे लिहिलेली असते. डोंगरावर मात्र अशी पाटी नसते. मग आपण किती उंच आलो, हे कसे कळणार?

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. बारी गावातून वर जाण्याची वाट आहे. समजा, तुम्ही शिक्षकांबरोबर ही वाट चढत आहात.

तुमचा पहिला सोबती नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर तपकिरी रेषा दिसतात. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेषेवरील सर्व ठिकाणे सारख्याच उंचीवर असतात. दोन शेजारच्या रेषांमध्ये २० मीटरचे अंतर असेल, तर दहा रेषा ओलांडल्यावर तुम्ही २०० मीटर चढलात. रेषा जवळजवळ असतील तेथे चढ उभा असतो. लांब लांब असतील तेथे सौम्य असतो.

दुसरा सोबती उंचीमापक. हे घड्याळाएवढे यंत्र हवेचा दाब मोजते. वर जावे तसा दाब कमी होतो. साधारण ९ मीटर चढल्यावर तो १ मिलिबारने उतरतो. यंत्र त्यावरून उंची सांगते.

पण येथेच सावध राहा! आपल्या देशात आकाश निरभ्र असले, तरी सकाळी १० च्या सुमारास दाब जास्त असतो व दुपारी ४ च्या सुमारास कमी होतो. हा फरक ३ मिलिबारपर्यंत सहज जातो. म्हणजे तुम्ही एकाच जागी बसून राहिलात, तरी यंत्र तुम्हाला २५ ते ३० मीटर वर चढवते!

आता विचार करा. उतरताना १२०० मीटरवर डावीकडे वळायचे आहे. धुके दाटले आहे. सकाळी जुळवलेले यंत्र १२०० दाखवते. पण खरे तर तुम्ही ११७५ मीटरवर आहात. वळण मागे, वर राहिले! पुढे कडा असेल तर?

म्हणून नकाशावर जेथे उंचीचा आकडा छापलेला आहे, अशा प्रत्येक ठिकाणी यंत्र पुन्हा जुळवावे. शिखर त्यासाठी उत्तम जागा.

जी.पी.एस. यंत्र किंवा मोबाइल उपग्रहांच्या मदतीने उंची सांगतो. सारे उपग्रह आपल्या वर असतात, खाली एकही नसतो. त्यामुळे जागेपेक्षा उंची सांगताना त्याची चूक जास्त होते. शिवाय बॅटरी संपली की तो मुका होतो.

मित्रांनो, नकाशा आणि यंत्र हे दोन साक्षीदार आहेत. दोघांची साक्ष जुळली, तर पुढे चला. जुळली नाही, तर थांबा, आजूबाजूला पाहा आणि मगच पाऊल टाका.

शब्दार्थ
समुद्रसपाटी – समुद्राच्या पाण्याची सरासरी पातळी
सौम्य – कमी चढाचा
निरभ्र – ढग नसलेले
कडा – डोंगराची उभी, तुटलेली बाजू

स्वाध्याय
१. समोच्च रेषा म्हणजे काय?
२. एकाच जागी बसूनही उंचीमापकातील आकडा का वाढतो?
३. तुमच्या जवळच्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवरील उंची वहीत लिहून आणा.