घरात गोळी झाडून पाहण्याविषयी



स्वसंरक्षणाचा परवाना मिळून पहिले रिव्हॉल्व्हर घरी आले की ते एकदा चालवून पाहावे, अशी इच्छा जवळजवळ प्रत्येक नव्या परवानाधारकाला होते. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू ऐन वेळी दगा देणार नाही ना, याची खात्री करून घ्यावीशी वाटणे स्वाभाविकच आहे. चूक होते ती जागा निवडताना. नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर, तुर्भ्यातल्या एखाद्या गाळ्यामागच्या मोकळ्या पट्टीवर किंवा खारघरच्या डोंगरावर जिवंत काडतूस झाडून पाहण्याची सुरक्षित पद्धत नाही. काळजी घेऊन झाडले तर चालेल का, असा प्रश्न इथे उरतच नाही, कारण काळजी घेण्यासाठी जे लागते तेच घरात नसते.

बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण सहा ग्रॅमची असते आणि सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास वेगाने नळीतून बाहेर पडते. दहा बाय बाराची खोली ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ओलांडते. मग समोर काय आहे यावर सगळे ठरते. सिडकोच्या जुन्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा चार इंची विटांच्या असतात, नव्या टॉवरांत हलक्या ब्लॉकच्या किंवा थेट काँक्रीटच्या. खोलीचे दार तर पातळ प्लायचे असते आणि ते गोळीला अडवत नाही. हलक्या ब्लॉकची भिंत अडवेल याचा भरवसा नाही, आणि त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या मुलांची झोपायची खोली असू शकते. काँक्रीट गोळी अडवते खरे, पण तिथे धोका उलटा फिरतो. तिरकी लागलेली गोळी किंवा तिचे तुकडे कठीण पृष्ठभागाला जवळजवळ घासून पुढे सरकतात. फरशीवर मारलेली गोळी म्हणूनच फरशीत न रुतता घोट्याच्या उंचीने खोलीभर जाऊ शकते. चेंडू ज्या कोनात आपटतो त्याच कोनात उसळतो, हा शाळेत शिकलेला हिशेब गोळीला लागू पडत नाही. ती ज्या कोनात लागते त्याहून बहुधा कमी कोनात निसटते, आणि कुठल्या दिशेने निसटेल ते आधी सांगता येत नाही.

वाळूची बादली, जुन्या गाद्यांची चवड, पाण्याचे पिंप असे उपाय ऐकिवात असतात. पोलीस ठाण्यांत आणि लष्करी तळांवर हत्यार रिकामे करण्यासाठी वाळूने भरलेली जागा केलेली असते, त्यावरून ही समजूत पसरली असावी. ती जागा मुद्दाम गोळी झाडण्यासाठी नसते. हत्यार रिकामे करताना चुकून गोळी सुटलीच, तर ती कुठे जावी याची ती तजवीज असते, आणि त्यावर देखरेख ठेवणारा माणूस शेजारी उभा असतो. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी तपासासाठी गोळ्या झाडल्या जातात, पण त्याही खास बांधलेल्या पेटीत किंवा टाकीत, प्रशिक्षित तज्ज्ञांच्या हातून. घरच्या बादलीत वाळू किती, ओली की कोरडी, नळी किती तिरकी, हात किती स्थिर, यातले काहीच ठरलेले नसते.

नेम चुकला नाही तरी दोन गोष्टी टळत नाहीत. पहिली आवाज. छोट्या हत्याराच्या आवाजाची तीव्रताही क्षणभर १४० डेसिबलच्या वर जाते, आणि एवढ्या आवाजाचा एकच धक्का कानाला कायमची इजा करू शकतो. बंद खोलीत तो भिंतींवरून परतून आणखी त्रास देतो. घरात लहान मूल असेल तर त्याच्या कानांना कुणी कापसाचे बोळे घातलेले नसतात. दुसरी गोष्ट शिसे. गोळीत शिसे असतेच, शिवाय काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटक मिश्रणातही बहुधा शिशाचे संयुग असते. गोळी सुटताना त्याचा अतिसूक्ष्म धूर हवेत मिसळतो. बंदिस्त रेंजवर हवा एका दिशेने खेळती ठेवण्याची व्यवस्था याचसाठी करतात. बैठकीच्या खोलीत ते शिसे सोफ्यावर, पडद्यांवर आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावर बसते.

गच्चीवरून आकाशात झाडलेली गोळी परत खाली येते. आडवी सुटली तर बत्तीस बोअरची गोळीही एक किलोमीटरहून दूर जाऊ शकते, आणि वाशी किंवा नेरूळच्या कुठल्याही गच्चीपासून एका किलोमीटरच्या आत माणसे नाहीत अशी दिशा सापडत नाही. डोंगराचेही तसेच. पारसिकच्या आणि खारघरच्या डोंगरांवर पावसाळ्यात हजारो लोक चढतात, एरवीही गुराखी आणि सरपण गोळा करणारे असतात. पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या जंगलात जाऊन पाहावे, असे ज्यांच्या मनात येते त्यांच्यासाठी कायदा फार स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन पाऊल टाकणेसुद्धा गुन्हा आहे. गोळी झाडण्याची गोष्ट त्याच्या पुढची.

शस्त्राचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा असतो. तो वाटेल तिथे झाडून पाहण्याचा नसतो, आणि हा फरक अनेकांच्या ध्यानात येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून बेदरकारपणे किंवा हयगयीने शस्त्र वापरून इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम २५ च्या नवव्या पोटकलमाप्रमाणे त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणारे याच पोटकलमात येतात. भारतीय न्याय संहितेची कलमे वेगळी लागतात: कुणाचा जीव धोक्यात आणला तर १२५, आणि हयगयीने मृत्यू घडवला तर १०६, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कायद्यानेच दिलेला आहे. नवी मुंबईत तो अधिकारी म्हणजे बेलापूरला बसणारे पोलीस आयुक्त. पनवेल महसुली दृष्टीने रायगड जिल्ह्यात असले तरी पोलिसी दृष्टीने याच आयुक्तालयात येते.

चालवून पाहण्याची ओढ नीट तपासली तर तिच्या तळाशी तीन वेगवेगळ्या शंका असतात: हत्यार ठीक आहे का, काडतुसे चांगली आहेत का, आणि आपला हात चालेल का. हत्यार ठीक आहे का, हे पाहण्याचे काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडच्या कारागिराचे. सिलिंडर ढिला आहे का, घोडा नीट अडकतो का, नळीत गंज किंवा अडथळा आहे का, हे तो एकही गोळी न झाडता सांगतो. नवे हत्यार तर कारखान्यातून निघण्यापूर्वीच प्रूफ चाचणीतून गेलेले असते, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसे झाडून त्याची नळी तपासलेली असते. काडतुसांची गोष्ट थोडी निराळी. आपल्याकडे बत्तीस बोअरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. तो कारखाना १८६९ पासूनचा. काडतूस कोरड्या जागी राहिले तर वर्षानुवर्षे टिकते, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत, चामड्याच्या म्यानात पावसाळे काढलेल्या काडतुसाचा भरवसा धरू नये. ती काडतुसे रेंजवर वापरून संपवावीत आणि घरी नवी ठेवावीत.

रेंजवरच का, याचे उत्तर बिघडलेल्या काडतुसातच आहे. ट्रिगर ओढला आणि नुसता खट आवाज आला, तर गोळी काही क्षणांनी सुटण्याची शक्यता असते. अशा वेळी नळी निशाण्याकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे असते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. दोन्ही प्रसंगी नवख्या माणसाची पहिली प्रतिक्रिया एकच असते. तो हत्यार वळवून नळीत डोकावून पाहतो. रेंजवर शेजारी उभा असलेला प्रशिक्षक त्याचा हात धरतो. घरात तो हात धरायला कुणी नसते.

हात चालेल का, ही तिसरी शंका खरी महत्त्वाची, आणि तिच्यासाठी मात्र घरात पुष्कळ काही करता येते. नेमबाज याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात: काडतुसाशिवाय हत्यार धरणे, साइट जुळवणे आणि साइट न हलवता ट्रिगर मागे आणणे. स्पर्धेतले पिस्तूलबाज कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून तासन् तास हेच करतात. २०२० च्या टाळेबंदीत रेंज बंद पडल्या, तेव्हा देशातल्या अनेक नेमबाजांनी घरी हाच सराव चालू ठेवला. पण हा सरावही नियमाने केला तरच निर्धोक असतो. काडतुसे आधी दुसऱ्या खोलीत कुलपात जावीत, त्याच खोलीच्या कपाटात नव्हेत. मग हत्यार रिकामे करावे. रिव्हॉल्व्हर असेल तर नळी खाली, बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर, सिलिंडर उघडून सहाही घरे डोळ्यांनी मोजावीत आणि करंगळीच्या टोकाने एकेक चाचपावी, कारण संधिप्रकाशात पितळी काडतूस आणि रिकामे घर यांत डोळा फसतो. पिस्तूल असेल तर क्रम चुकवू नये. आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड मागे ओढायची. क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधले वरचे काडतूस थेट नळीत बसते, आणि त्यानंतर काढलेले मॅगझीन हातात घेऊन माणूस हत्यार रिकामे झाल्याच्या समाधानात राहतो. भिंत अशी निवडावी की तिच्यापलीकडे कुणी नसेल. हत्यार रिकामे असतानाही ते भरलेले आहे असे समजूनच धरावे. .२२ बोअरच्या स्पर्धेच्या पिस्तुलात नुसता ट्रिगर वारंवार ओढला तर पिन आणि काडतुसाच्या घराची कड खराब होऊ शकते, म्हणून त्यासाठी डमी राउंड वापरतात.

सराव संपला म्हणजे संपला. या क्षेत्रातले जाणते लोक ज्या अपघाताला सर्वांत जास्त भितात तो इथेच घडतो. सराव आटोपतो, हत्यार पुन्हा भरले जाते, फोन वाजतो, आणि परत आल्यावर माणूस आणखी एकदाच म्हणून त्याच भिंतीकडे नेम धरतो. यासाठी सराव संपताच हत्यार पेटीत ठेवून त्या दिवसापुरते ते पुन्हा हातात न घेण्याची शिस्त लावून घ्यावी.

आवाजाचे पण गोळी नसलेले काडतूस, म्हणजे ब्लँक, निरुपद्रवी असते ही समजूतही सोडून द्यावी. त्यातून सुटणारा तापलेला वायू जवळून त्वचा आणि डोळा दोन्हींना इजा करतो.

ठेवण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही, पण १ ऑक्टोबर २०२४ ची घटना सांगायला हवी. अभिनेते गोविंदा पहाटे प्रवासाला निघण्याच्या तयारीत होते. जुहूच्या राहत्या घरी स्वतःचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना गोळी सुटली आणि त्यांच्या पायात शिरली. कुणी कुणावर नेम धरलेला नव्हता, भांडण नव्हते, चाचणीही नव्हती. रोजच्या हाताळणीत, घाईच्या वेळी, भरलेले हत्यार हातात असणे एवढे पुरेसे ठरले. घरातले हत्यार रिकामे, कुलपात, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात हा नियम त्यासाठीच आहे. हत्यार हातातून निसटले तर ते झेलू नये, पडू द्यावे. झेलताना बोट नेमके ट्रिगरमध्ये अडकते.

आता रेंजविषयी. महाराष्ट्राला नेमबाजीची थोर परंपरा आहे, आणि नवी मुंबईकराला ती शोधायला लांब जावे लागत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या आणि पुढे अवनी लेखरासारख्या पॅरालिंपिक विजेतीला घडवणाऱ्या सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत उभा राहिला. मात्र १० मीटरची एअर रेंज बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरसाठी नसते. तिच्या भिंती आणि गोळी अडवण्याची व्यवस्था छऱ्यांपुरती असते. कुठल्याही रेंजवर जाण्यापूर्वी तिथे कोणत्या बोअरला परवानगी आहे आणि सदस्यत्व लागते का, हे विचारून घ्यावे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिथेही हीच चौकशी आधी करावी. जाताना हत्यार रिकामे, पेटीत, आणि मूळ परवाना जवळ असावा.

ज्याला मुळात नेमबाजी शिकायची आहे त्याने सुरुवात एअर पिस्तुलाने करावी, हे अधिक शहाणपणाचे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ बोअरच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. त्याच्या निशाण्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, आणि ते दहा मीटरवरून एका हाताने साधायचे. त्यावर वर्षभर घासलेला हात बत्तीस बोअरच्या हत्याराला कधीच घाबरत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले. तिच्या प्रकारात खरी काडतुसे असतात, पण तीही झाडली जातात ती रेंजवर, आदेशानंतर, आणि थांबण्याचा आदेश येताच हत्यारे खाली ठेवली जातात.

पहिली गोळी रेंजवर, प्रशिक्षकाच्या शेजारी उभे राहून झाडावी. तो दिवस ठरेपर्यंत काडतुसांचे खोके फोडू नये.