न्यायनिष्ठ आचार्य

देशाचा कायदाच अन्यायी असेल, तर न्यायाधीशाने काय करावे? कायदा पाळावा, की न्यायाची कास धरावी? या बिकट प्रश्नाचा ज्यांनी जन्मभर विचार केला, त्या विद्वानांत गुस्टाव राडब्रुख या जर्मन प्राध्यापकांचे नाव आदराने घेतले जाते.

राडब्रुख यांचा जन्म इ. स. १८७८ मध्ये ल्यूबेक शहरी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. बर्लिन येथे कायदा शिकत असता त्यांना फ्रान्झ फॉन लिस्ट हे थोर गुरू लाभले. वैद्य ज्याप्रमाणे रोगाचे मूळ शोधतो, त्याप्रमाणे कायदेपंडिताने गुन्ह्याचे मूळ शोधावे. शिक्षेचा हेतू सूड नसून समाजाचे रक्षण आणि शक्य तेथे अपराध्याची सुधारणा हा असावा, अशी लिस्ट यांची शिकवण होती. ती शिष्याच्या मनात खोल रुजली.

पुढे राडब्रुख हायडेलबर्ग, कोनिग्सबर्ग व कील येथे फौजदारी कायदा शिकवू लागले. १९२१ साली ते देशाचे न्यायमंत्री झाले. त्या काळी जर्मनीत बारा वर्षांच्या मुलावरही फौजदारी खटला भरता येत असे. कोवळ्या वयात मुलाला शिक्षेपेक्षा शिक्षणाची अधिक गरज असते, हे जाणून त्यांनी नव्या कायद्याचा मसुदा सिद्ध केला. १९२३ साली तो संमत झाला आणि ही वयोमर्यादा चौदा वर्षांवर गेली.

१९२६ साली ते पुन्हा हायडेलबर्ग येथे प्राध्यापक झाले. न्यायाधीशाने स्वतःचे मत बाजूस ठेवून कायद्याशी एकनिष्ठ राहावे, असे त्यांनी १९३२ साली आपल्या ग्रंथात लिहिले. दुसऱ्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला व राडब्रुख यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. ‘राजा बोले, दळ हाले’ अशी न्यायालयांची गत झाली. हिटलरची निंदा करणारा मजकूर भिंतीवर लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याला देहान्ताची शिक्षा झाली. त्याची चुगली न्यायखात्यातीलच एका कारकुनाने केली होती.

१९४५ साली ती राजवट कोसळली आणि राडब्रुख सन्मानाने विद्यापीठात परतले. ‘आम्ही केवळ कायदा पाळला’ असे म्हणून अनेक अधिकारी आता हात झटकू पाहत होते. तेव्हा राडब्रुख यांनी १९४६ साली एक लेख लिहून आपल्या जुन्या मतास मुरड घातली. कायदा सदोष असला तरी सामान्यतः तो पाळावा, कारण त्यावाचून समाजाला स्थैर्य नाही. परंतु त्यातील अन्याय असह्य झाला, तर कायद्याने न्यायापुढे माघार घ्यावी. जेथे माणसामाणसांतील समता जाणूनबुजून नाकारली जाते, तेथे तो कायदा मुळी कायदाच नव्हे, असे त्यांनी प्रतिपादिले.

१९४९ साली राडब्रुख निवर्तले. त्यांचा विचार मात्र मागे उरला. बर्लिनच्या भिंतीपाशी पळून जाणाऱ्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्याबद्दल पुढे खटले चालले, तेव्हा जर्मन न्यायालयांनी याच विचाराचा आधार घेतला. १९९६ साली देशाच्या घटना न्यायालयानेही तो ग्राह्य मानला.

अनुभवाने चूक ध्यानात येताच आपले मत बदलण्यास मनाचा मोठेपणा लागतो. राडब्रुख यांची विद्वत्ता मोठी होतीच. परंतु सत्यापुढे नम्र होणारी त्यांची वृत्ती तिच्याहून मोठी होती.