आईचा सूर
(मंडळीतील अभ्यासाकरिता पाठ. वाचावयाचा भाग : अनुवाद ३१:१९–२६)

मोशेचा मृत्युकाल समीप आला असता देवाने त्यास एक गीत लिहून ते इस्राएल लोकांस शिकविण्याची आज्ञा केली. नियमशास्त्राचा ग्रंथ तर कराराच्या कोशाजवळ ठेवावयाचा होताच. मग गीताचे प्रयोजन काय? कारण तेथेच दिले आहे. लोक करार मोडतील, परंतु हे गीत त्यांच्या संततीच्या मुखातून नाहीसे होणार नाही. ग्रंथ कोशाजवळ राहतो. गीत ओठांवर राहते. हे सत्य आपल्या गावच्या घरांतही आढळते. त्याची साक्ष आपले जुने जाते देईल.

१. सूर का टिकतो?

ज्यांच्या घरी जाते फिरत होते अशा वडील माणसांस त्यांच्या आईविषयी विचारा. पुष्कळांस पहाटेचा अंधार, जात्याची घरघर व तीवर चाललेली ओवी प्रथम आठवते. मूल आईच्या मांडीवर डोके टेकून निजलेले असे. खुंटा फिरे तशी मांडी हाले, आणि मूठ जात्यात पडेपर्यंत सूर क्षणभर थांबे. असे गाणे मूल केवळ कानाने ऐकत नाही, सर्वांगाने ऐकते.

विद्वानांचे संशोधन याला पुष्टी देते. १९८० साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी दाखविले की, जन्मून तीन दिवसही न झालेले अर्भक आईचा आवाज परक्या स्त्रीच्या आवाजाहून वेगळा ओळखते. २०१३ साली तेथेच आणखी एक गोष्ट दिसून आली. तरुणांच्या आठवणी त्यांच्या स्वतःच्या काळातील गाण्यांशी जशा निगडित असतात, तशाच आईबापांच्या तरुणपणच्या गाण्यांशीही असतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धास पुष्कळदा पुत्राचे नाव आठवत नाही. पण लहानपणची चाल कोणी लाविली तर तो बरोबर गाऊ लागतो.

२. ओवीत काय होते?

ही रीत फार जुनी आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख बाराव्या शतकातील सोमेश्वर राजाच्या मानसोल्लास ग्रंथात आहे. ओवीत विठ्ठल असे, माहेर असे, भाऊ असे, लेकरू असे. आणि सासरी उघड बोलता न येणारे दुःखही असे. जे ती कोणापाशी बोलली नाही, ते जात्यापाशी बोलली, आणि मांडीवरच्या मुलाने ते अर्थ न कळता साठविले. मोठेपणी तो सूर कानी पडला म्हणजे अर्थ उलगडतो, व आई किती सोसत होती हे तेव्हा कळते.

पिठाच्या गिरण्या आल्या, स्त्रियांचे कष्ट हलके झाले, हे चांगलेच झाले. परंतु जात्याबरोबर ओवीही थांबली. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या व गाणाऱ्या बायांची नावे नोंदून ठेविली. ते हे न करते तर त्या ओव्यांपैकी कितीतरी त्या बायांबरोबरच मातीत गेल्या असत्या.

३. विश्वासणाऱ्याने त्या ओवीचे काय करावे?

एखादा बंधू म्हणेल, "माझी आई विठोबाचे नाव गात असे. आता तो सूर ऐकून माझे डोळे भरून येतात. हे पाप तर नव्हे?" बंधो, आईबापांचा मान राख या आज्ञेत त्यांचा धर्म कोणता हे विचारलेले नाही. आपली उपासना एकाच देवाची आहे, यात शंका नाही. परंतु तुझे अश्रू त्या नावासाठी नाहीत, त्या मांडीसाठी आहेत. ती मांडी देवानेच तुला दिली होती. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला; तेव्हा त्यांनी अभंग टाकून दिला नाही, तर त्याच चालीत ख्रिस्ताची भक्ती गाइली. आईची चाल लपविण्यासारखी वस्तू नाही. ती लपविणारा आपल्या लेकरांस आजीवाचून वाढवितो.

४. आपण काय करावे?

पहिले, घरात वृद्ध आई, आजी किंवा आत्या असेल तर तिला गावयास सांगा व ते तिच्या नावासह लिहून घ्या. आज फोनात आवाजही साठविता येतो. हे काम पुढच्या सुगीवर टाकू नका.

दुसरे, उपदेशकांनी विसराळू वृद्धांच्या भेटीस जाताना केवळ प्रश्न विचारू नयेत. "मला ओळखले का?" या प्रश्नाने ते लाजतात. त्यांच्या लहानपणची चाल हळूच धरावी व वाट पाहावी.

तिसरे, स्वतः गा. यंत्रातून हवे ते गाणे निघते, पण मुलाला मांडीवर घेऊन ते यंत्र बसत नाही. बापांनीही मागे राहू नये. पूर्वी मोटेवर गाणारे बाप होतेच. गळा चांगला नसला तरी चिंता नाही. लेकरू गळ्याची परीक्षा करीत नाही. आपल्या माणसाचा आवाज तेवढा ओळखते.

विचारासाठी प्रश्न

१. ग्रंथ असताना मोशेला गीत शिकविण्याची आज्ञा का झाली?
२. तुमच्या आईच्या किंवा वडिलांच्या कोणत्या गाण्याची चाल तुम्हास येते? ती तुमच्या मुलांस येते काय?
३. आपल्या मंडळीत जात्यावर गाइलेल्या किती स्त्रिया आज हयात आहेत? या आठवड्यात त्यांपैकी कोणाकडे जाल?