तेल घेणारी, पाणी नाकारणारी बहुवारिके

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव १७९५ सालच्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. या अवर्षणप्रवण मुलखात विहिरीचे पाणी हेच गावाचे खरे धन होय. पाण्याची टंचाई सर्वांना दिसते. पाण्याचे दूषण मात्र पुष्कळदा उशिरा ध्यानात येते. पंपाच्या इंजिनातून गळणारे डिझेल किंवा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या जागी सांडलेले जळके ऑईल पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात उतरते आणि जवळच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. असे तेल पाण्यापासून वेगळे कसे करावे, हा म्हणूनच केवळ कारखान्यांचा प्रश्न नाही.

मुंबईचा अनुभव

या प्रश्नाचे उग्र रूप महाराष्ट्राने समुद्रकिनारी पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. किनाऱ्यावरील खारफुटीला तेलाचा लेप बसला आणि मच्छीमारांच्या उपजीविकेवर आघात झाला. तेल एकदा पसरले की ते गोळा करणे किती कष्टाचे असते, याचा हा धडा होता.

अळवावरचे पाणी

‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार सर्वांना ठाऊक आहे. अळवाच्या पानावर मेणासारखा थर व अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे थेंब पसरत नाही, घरंगळतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेलाच्या रेणूंची परस्परांवरील ओढ त्यामानाने कमी असते. म्हणून काही पृष्ठभागांवर तेल सहज पसरते, पाणी मात्र गोळा होऊन राहते. तेल वेगळे करणाऱ्या पदार्थांचे रहस्य या भेदातच आहे.

बहुवारिक म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी. इंग्रजीत यालाच पॉलिमर म्हणतात. खताच्या गोण्या ज्या पॉलिप्रोपिलीनच्या विणतात, त्याचेच अतिसूक्ष्म तंतू काढून तयार केलेल्या गाद्या तेल शोषण्यासाठी वापरतात. हा पदार्थ पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगतो, तेल धरून ठेवतो आणि पाणी जवळजवळ घेत नाही. पॉलियुरेथेनच्या स्पंजावर योग्य प्रक्रिया केल्यास तोही असेच काम करतो. तेल पिळून काढून तो पुन्हा वापरता येतो.

याच्या उलट रीतही आहे. पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारख्या बहुवारिकाचा लेप जाळीवर दिला, तर ओली जाळी पाण्याला वाट देते आणि तेल वरच अडवते. माशाच्या खवल्यांवरून सुचलेली ही कल्पना चिनी शास्त्रज्ञांनी २०११ साली मांडली.

शाळेत करता येणारा प्रयोग

कापसाचा तंतू हादेखील निसर्गनिर्मित बहुवारिकच. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. औषधी कापसावरून तो काढून टाकलेला असतो. दोन वाडग्यांत पाणी घेऊन एकात सरकी काढलेला कच्चा कापूस व दुसऱ्यात औषधी कापूस टाकावा. औषधी कापूस लगेच भिजून बुडू लागतो. कच्चा तरंगत राहतो. पहिल्या वाडग्यात चमचाभर खाद्यतेल घातल्यास कच्चा कापूस ते ओढून घेतो. कापूस पिकविणाऱ्या भागातील विद्यार्थ्यांना याहून सोपा पाठ मिळणे कठीण.

मर्यादा आणि कर्तव्य

या पदार्थांना मर्यादाही आहेत. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळून दुधाळ मिश्रण झाले, की साधी गादी अपुरी पडते; तेथे बारीक छिद्रांचे पडदे किंवा रासायनिक प्रक्रिया लागते. साबण व धुण्याची पावडर असे मिश्रण होण्यास मदत करतात. म्हणून सांडलेले ऑईल पावडर टाकून धुऊन काढणे हा उपाय नव्हे. ते आधी टिपून घ्यावे. तेल पिऊन झालेली गादी वा कापूसही ओढ्याकाठी फेकू नये किंवा उघड्यावर जाळू नये.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये नदी-ओढ्यासारख्या जलस्रोतात सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस यांचे प्रमाण लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. वापरलेले ऑईल २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांनुसार अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हवे.

ग्रामपंचायतीने दुरुस्तीच्या जागी जळके ऑईल साठविण्यासाठी झाकणाचे पिंप आणि सांडपाण्याच्या वाटेवर तेल अडविणारा लहान हौद यांचा आग्रह धरावा. तेल वर तरंगते. या साध्या गुणामुळे बरेचसे काम हौदच करील आणि उरलेला तवंग टिपण्यास गादी किंवा कच्चा कापूस उपयोगी पडेल. विज्ञानाने तेल आणि पाणी यांत निवड करणारे पदार्थ दिले आहेत. तेल विहिरीपर्यंत जाऊच न देण्याची निवड मात्र गावानेच करावयाची आहे.