रंगीत लोकरीचे मोजे : विणकामाच्या तासातील एक पाठ

हाताने रंगविलेल्या लोकरीचे मोजे वर्गात विणावयास घेतले की एक प्रसंग हमखास उद्भवतो. एखाद्या मुलीचा मोजा घोट्यापर्यंत सुरेख, कडीमागून कडी असा उतरतो. परंतु टाच ओलांडताच कड्या मोडतात आणि रंगांचे डाग उमटू लागतात. शिक्षिका तिला तेवढा भाग उसवावयास सांगते. मुलगी उसवते, पुन्हा विणते आणि डाग पुन्हा त्याच ठिकाणी येतात. कारण चूक तिच्या हाताची नसतेच. दोनदा उसवलेली लोकर पिंजारते, आणि मुलीचे मनही कामातून उडते. अशा वेळी मोजपट्टी हाती घेतल्यास खरे कारण पाच मिनिटांत उमगते.

आरंभ रंगविण्यापासून करावा. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीस उत्तम, पण पायास टोचते; म्हणून मोज्यांसाठी मऊ व बारीक लोकर घ्यावी. दीड मीटर घेराची लडी करून ती चार ठिकाणी सैल बांधावी. घट्ट बांधल्यास गाठीखाली रंग पोहोचत नाही. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीस सुमारे १२ ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून, आधी भिजवलेली लडी त्यात ठेवावी व पाणी तासभर मंद आचेवर तापवावे. उकळी येऊ देऊ नये. लडी त्याच पाण्यात निवू द्यावी. एकदम गार पाण्यात टाकून चोळल्यास लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. चुलीजवळचे काम शिक्षिकेने स्वतः करावे व तुरटीचे आणि रंगाचे भांडे स्वयंपाकास पुन्हा वापरू नये.

नंतर लडीचा एक तृतीयांश भाग मंजिष्ठाच्या काढ्यात व दुसरा तृतीयांश झेंडूच्या फुलांच्या काढ्यात बुडवावा. तिसरा तसाच पांढरा ठेवावा. मंजिष्ठाचे पाणी फार तापले तर लाल रंग तपकिरीकडे झुकतो. हळदीचा मोह मुलींना होतोच, कारण ती तुरटीवाचूनही झटकन चढते. परंतु उन्हात ती तितक्याच झटकन उडते. हे सांगून पटत नाही. हळदीने रंगविलेला धागा आठ दिवस खिडकीत ठेवून दाखवावा.

आता मापाचा भाग. पाच सुयांचा संच घ्यावा. चार सुयांवर टाके राहतात व पाचवीने विणता येते. सुई अडीच मिलिमीटरची असावी. नमुन्यादाखल लहान चौकोन विणून एका सेंटिमीटरात किती टाके बसतात ते मोजावे. समजा तीन बसले आणि मुलीच्या पावलाचा घेर १८ सेंटिमीटर भरला, तर टाके ५४ होतील. मोजा पायास धरून राहावा म्हणून दहावा भाग कमी करावा व चाराने भाग जाईल असा जवळचा आकडा घ्यावा, म्हणजे ४८. त्रैराशिक शिकविण्यास याहून चांगले उदाहरण पुस्तकात क्वचितच आढळेल.

दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी चार-पाच सेंटिमीटर झाली की पुढे सर्व सुलट विणावे. येथे मुलींकडून एक फेरी उसवून घ्यावी व तिला किती धागा लागला ते मोजावे. ४८ टाक्यांना साधारण ५० सेंटिमीटर लागतो. लडीचा घेर दीड मीटर, म्हणजे प्रत्येक रंग ५० सेंटिमीटर. म्हणून प्रत्येक रंगाची एकेक फेरी पडते व बारीक कड्या दिसतात. हीच लडी अर्ध्या मीटर घेराची केली असती तर प्रत्येक रंग दर फेरीत त्याच बाजूस येऊन उभे पट्टे पडले असते. हात थोडा सैल असला तर कड्या तिरक्या होऊन मोज्याभोवती नागमोडी फिरतात. ही शोभा कित्येकांस अधिक आवडते.

टाचेसाठी निम्मे, म्हणजे २४ टाके एका सुईवर घेऊन २४ ओळी पुढे-मागे विणाव्यात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलावा, म्हणजे काठावर दोन्ही बाजूंस बारा-बारा साखळ्या तयार होतात. ओळीस निम्माच धागा लागत असल्याने येथे पट्टे दुप्पट रुंद होतात. मग टाच वळवावी: १४ टाके विणून, पुढचे दोन एकत्र करून, एक विणून काम फिरवावे, एक टाका उचलून, पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा फिरवावे. पुढे दर ओळीस मधला एकेक टाका वाढत जातो. कडेचे टाके संपतात तेव्हा सुईवर १४ उरतात. दोन्ही काठांवरील बारा-बारा उचलले व वरचे २४ मिळवले की बेरीज ६२ होते.

मुलगी घाबरते ती येथेच. ६२ टाक्यांच्या फेरीस सुमारे ६५ सेंटिमीटर धागा लागतो आणि रंगांची जुळणी मोडते. पण एक फेरी सोडून एक अशा सात फेऱ्यांत, वरचा भाग व तळवा जेथे मिळतात तेथे दोन्ही बाजूंस एकेक टाका घटविल्यावर, चौदाव्या फेरीअखेर पुन्हा ४८ टाके होतात आणि कड्या आपोआप परत येतात. उसविणारी मुलगी त्या चौदा फेऱ्या कधी ओलांडतच नाही.

दोन मोजे जुळावेत अशी इच्छा असेल तर लोकर तोलून दोन सारखे गुंडे करावेत, दोन्ही बाहेरच्याच टोकाने सुरू करावेत व दोन्हींचा आरंभ एकाच रंगाने करावा. एक गुंडा बाहेरून व दुसरा आतून घेतल्यास रंगांचा क्रम उलटतो. तरीही मोजे तंतोतंत सारखे येणार नाहीत. गुण देताना टाच पायावर कशी बसते, सांध्याला भोक राहिले काय आणि मुलीस आपल्या फेरीचे माप सांगता येते काय, एवढे पाहावे. हे काम मुलींचेच मानण्याचेही कारण नाही. युरोपात पूर्वी हातविणकऱ्यांचे संघ होते व त्यांत पुरुषच सभासद असत.

पावलाच्या लांबीस चार सेंटिमीटर कमी असता बोटांचा भाग सुरू करावा: दर दुसऱ्या फेरीस चार टाके घटवीत २४ वर यावे, मग दर फेरीस चार घटवीत आठ उरवावेत व धागा त्यांतून ओवून आतून पक्का करावा. मोजे कोमट पाण्यात रिठ्याने धुवून सावलीत पसरून वाळवावेत. उरलेला धागा पुठ्ठ्यावर गुंडाळून मुलीच्या नावानिशी ठेवावा. पुढे टाच झिजली की रफूस तोच लागतो.